आधी खराटा, मग आराखडा

मराठवाड्यातलं पैठण घ्या, अंबाजोगाई घ्या, औसा घ्या नाहीतर परंडा घ्या. वेशीच्या आतली वस्ती आता साधारण एकाच वळणाची झाली आहे. मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, गावाबाहेर गेला, त्याच्या पाठोपाठ आडते गेले, मग किराणा-कापडाची दुकानं मेन रोडला सरकली. ज्यांना जमलं त्यांनी बायपासला प्लॉट घेऊन स्लॅबचं घर बांधलं आणि वाड्याला कुलूप घातलं. सहा-आठ फुटांच्या बोळात गाडी शिरत नाही, म्हणून सुनेलाही आतलं घर नको असतं. मागं राहिले म्हातारे, भाडेकरू आणि ज्यांच्याकडं निघून जायला पैसा नाही ते. माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, दर उन्हाळ्यात माती टाकून ते चोपणारं कुणी उरलं नाही की काही पावसाळ्यांत छत बसतं. छत गेलं की भिंतीचं डोकं उघडं पडतं. मग एक दिवस भिंत बोळात येते आणि शेजारचे दोन उंबरे आणखी रिकामे होतात.

या वस्तीच्या मधोमध बहुतेक ठिकाणी एक जागा असते. लिंबाचा नाहीतर पिंपळाचा पार, एखादा आड, मारुती, आणि शेजारी पडलेल्या वाड्याची मोकळी झालेली पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची पांढरट मातीची जागा. तिथं बसायला माणसं असतात, पण बसण्यासारखं काही नसतं. कधीतरी निधी येतो. गुत्तेदार महिनाभरात पेव्हर ब्लॉक टाकतो, चार स्टीलचे बाक ठोकतो, दोन सोलर दिवे उभे करतो, आणि सगळ्यात मजबूत काम म्हणजे नामफलक, तो बसवतो. दोन वर्षांनी ब्लॉक खचलेले, दिव्यांच्या बॅटऱ्या गेलेल्या, बाकावर शेळ्या, आणि कोपऱ्यात उकिरडा जिथं होता तिथंच परत. मग लोकांनाच नावं ठेवली जातात, की यांना कदर नाही.

कदर असते. ही जागा उद्यापासून कोण झाडणार, हा प्रश्न फक्त कुणी विचारलेला नसतो. आमचं म्हणणं असं की हाच प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा आणि त्याच्या उत्तरातून नकाशा काढावा. झाडणारी बाई ठरली, तिचे पैसे ठरले, तिला किती जागा किती वेळात झाडता येते ते कळलं, की अर्धा आराखडा तिथंच तयार होतो. उलट्या क्रमानं केलेल्या कामाचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्याच भागात आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. भूकंप सोसतील अशी घरं मिळाली, ही गोष्ट लहान नाही. पण गावाची आखणी शहरातल्या कॉलनीसारखी झाली. रुंद सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, मधे ऐसपैस मोकळ्या जागा. जुन्या गावातली ढेळज (दारातली बसायची ओसरी), बोळ आणि पार यांतून आपोआप सांभाळली जाणारी जागा संपली, आणि एवढ्या मोठ्या मोकळ्या जागा झाडणं, उजळणं, पाणी देणं ग्रामपंचायतीच्या आवाक्यात नव्हतं. मोकळी जागा कागदावर फुकट असते. जमिनीवर तिचा रोजचा खर्च असतो.

म्हणून पहिलं काम बैठक घेणं नव्हे, मोजणं. चाळीस बाय पन्नास फुटांची जागा असेल तर सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ, अशा चार वेळा कोण कुठं बसतं, कुठून कुठं जातं, ते शाळेच्या वहीत उतरवायचं. साधा दिवस, आठवडी बाजाराचा दिवस आणि सुटीचा दिवस वेगळे धरायचे. पोरं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात. आठवडाभरात कळतं की दुपारी सगळे पाराच्या उत्तरेला एका पट्ट्यात दाटीनं बसलेले असतात, पश्चिमेकडची बाजू चारनंतर कुणी वापरतच नाही, आणि नळाकडं जाणारी पायवाट तिरकी आहे. ती तिरकी वाट आराखड्यात तिरकीच ठेवायची. काटकोनात वळवली तर लोक वाफ्यातून जातील आणि वाफा मरेल.

बैठकीचा दिवस निवडताना नळाचा दिवस टाळायचा. आपल्याकडं कितीतरी शहरांत पाणी चार, सहा, आठ दिवसांआड येतं, आणि त्या दिवशी बायका घराबाहेर पडत नाहीत. बैठक समाजमंदिरात रात्री आठला ठेवली तर येणार कोण? रिटायर झालेले मास्तर, एक-दोन माजी सदस्य आणि गुत्तेदाराचा मेहुणा. ते म्हणणार, कारंजं पाहिजे. बायकांना विचारायचं तर दुपारी तीनला त्यांच्या ओसरीवर जाऊन विचारावं लागतं, आणि तिथं वेगळंच ऐकू येतं. माळवद होतं तेव्हा कुरडया, पापड, शेवया वर वाळत. माळवद पडलं आणि वाळवणाची जागाच गेली. चिंचा फोडायचं काम घरी आणणाऱ्या बायकांना फेब्रुवारी ते एप्रिल बसायला सावली पाहिजे आणि टरफलं-चिंचोके झाडून काढता येईल अशी टणक जमीन पाहिजे. वाकळ शिवायला सहा बाय आठ फुटांची स्वच्छ, वारा न लागणारी जागा लागते. यातलं एकही काम ‘गार्डन’ नावाच्या ठरीव नकाशात बसत नाही. तिथं सगळीकडं सावली करायचा आग्रह असतो. इथं मात्र दहा बाय दहाचा कोबा मुद्दाम उन्हात सोडावा लागतो, पारापासून लांब, म्हणजे त्यावर लिंबोळ्या आणि कावळ्यांची घाण पडत नाही.

आता जागा कुणाची, याकडं. गावठाणाला सातबारा नसतो. शहरात नगर भूमापन झालेलं असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढायचं. खेड्यात 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी सुरू झाली आहे, ती झाली असेल तर तिथली सनद बघायची. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे दोन्ही बाजूंना आधीच समजावून सांगावं. पडक्या वाड्याच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव असतं आणि वारस अकरा निघतात. एक पुण्यात, एक निजामाबादला, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. अशा जागेवर पक्कं बांधकाम करायचंच नाही. तात्पुरत्या वापराची लेखी संमती घ्यायची, मुदत घालून, नकाशा जोडून. वारसांची भीती खरी असते. खासगी जमिनीवर मालकाविरुद्ध बारा वर्षं अखंड ताबा राहिला तर हक्क सांगितला जाऊ शकतो, हे गावात सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पण मालकाच्या परवानगीनं केलेला वापर असा ताबा ठरत नाही. म्हणून संमतीपत्रात ‘मालकांच्या परवानगीने व त्यांची मालकी मान्य करून’ हे शब्द घालावेत. त्या एका ओळीनं तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त झोप लागते, आणि सही लवकर मिळते. दर वर्षी त्याच तारखेला नवी सही घ्यायची. सागवानी तुळया, चौकटी, कोरीव खांब मालकाला उचलून न्यायला लावायचे आणि पोच घ्यायची. नाहीतर ते रात्रीतून जातात आणि आळ जागा सांभाळणाऱ्या तुमच्या समितीवर येतो. जवळ पुरातत्त्व खात्याचं केंद्र संरक्षित स्मारक असेल तर त्याच्यापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही, हेही आधीच बघून घ्यावं. अंतर पावलांनी मोजू नये.

मग येतो मलबा, आणि इथं बहुतेकांचा अंदाज चुकतो. दहा बाय बाराची एक खोली धरा. दोन फुटी मातीच्या भिंती, म्हणजे बाहेरून चौदा बाय सोळा. भिंतींचं क्षेत्रफळ 104 चौरस फूट, नऊ फूट उंचीनं गुणलं तर 936 घनफूट. वर सव्वा फूट जाडीचं माळवद, म्हणजे आणखी 280. मिळून बारा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). पडलेली माती फुगते, तिला चौथाई वाढ द्या. ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एक ब्रासची, म्हणजे एका खोलीला पंधरा खेपा. चार खोल्यांच्या वाड्याच्या साठ. लोकांनी श्रमदानाचे दोन रविवार धरलेले असतात, ते इथंच संपतात. त्यापेक्षा मे महिन्यात शेतकऱ्यांना सांगावं. पांढरीची माती रानात टाकायला आजही नेतात, पिढ्यान्‌पिढ्यांची राख आणि शेण मुरलेलं असतं तिच्यात. मालकाची संमती आणि तहसीलचा वाहतूक परवाना हातात असला की बरीचशी माती कमी खर्चात उचलली जाते. दगड मात्र एकही देऊ नये. जोत्याचे घडीव काळे दगड पुन्हा मिळत नाहीत.

जेसीबी लावायच्या आधी एक काम विसरू नये. वाड्यांच्या ओसरीत, अंगणात धान्याची पेवं असतात, दगडानं झाकलेली, वर माती सारवलेली. घरातल्या म्हाताऱ्यांनाच ती कुठं आहेत ते आठवतं. पहारीनं दोन-दोन फुटांवर ठोकत जायचं. आवाज पोकळ आला की थांबायचं. ट्रॅक्टरचं चाक पेवात गेलं तर ट्रॅक्टर कलंडतो. उघडलेल्या पेवात लगेच कुणी उतरायचं नाही. बंद जागेत प्राणवायू उरलेला नसतो, माणूस आत जातो तो बोलायच्या आधी कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलाही. पेव वरूनच डबर आणि मुरमानं थराथरानं भरावं, प्रत्येक थरावर पाणी मारून. पोकळी राहिली तर पहिल्या पावसात वरची फरशी बसते आणि सगळ्यांना वाटतं गुत्तेदारानं सिमेंट खाल्लं. (कधी कधी तेही खरं असतं.)

उभ्या राहिलेल्या भिंतींचं काय करायचं? छताचा आधार गेलेली नऊ फुटी मातीची भिंत ठेवू नये. पण जमीनदोस्तही करू नये. साडेतीन-चार फुटांवर उतरवून घ्यावी, डोक्यावर शहाबादीचे तुकडे दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर काढून, उतार देऊन बसवावेत. पाणी आत मुरलं नाही की मातीची भिंत वर्षानुवर्षं टिकते. तिच्या पुढ्यात जोत्याचा जुना दगड ठेवला की पाठ टेकायला जागा झाली, फुकटात. दगडी भिंतीचे सांधे भरताना सिमेंट वापरायचा मोह होतो. ते टणक असतं, श्वास घेत नाही, ओल दगडामागं अडकते आणि मागचा चुना-माती सुटत जातो. चुना आधी पंधरा दिवस तरी पाण्यात भिजत ठेवून, चाळून, एकाला तीन वाळू घेऊन वापरावा. चुन्याचं काम येणारा गवंडी सापडायला वेळ लागेल. पन्नाशीच्या पुढचे गवंडी विचारावेत. चुन्याच्या कामावर चार-पाच दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवायचं, नाहीतर आपल्या एप्रिलच्या झळा त्याची पावडर करून टाकतात.

आराखडा कागदावर दाखवून लोकांकडून मान डोलावून घेणं सोपं आहे. कागद वाचता येणारे आणि न येणारे दोघंही मान डोलावतात. त्याऐवजी फक्कीनं, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं, जमिनीवरच खऱ्या मापात आखावा. कट्टा जिथं येणार तिथं विटांची एक ओळ, दिव्याच्या जागी बांबू, खेळायच्या जागेभोवती दोरी. घरातल्या बाजा, खुर्च्या आणून ठेवायच्या आणि आठ दिवस तसंच राहू द्यायचं. तिसऱ्या दिवशी कळतं की बायकांनी कट्टा पानटपरीच्या समोर नको म्हणून बाज उचलून दुसरीकडं नेली. पाचव्या दिवशी कळतं की क्रिकेटचा चेंडू मारुतीच्या दिव्यावर जातो. विटा उचलायला काही लागत नाही, कट्टा फोडायला लागतं. बायकांना बसायला आवडते ती जागा बहुधा अशी असते: पाठीला भिंत, समोर आपल्या घराचं दार दिसेल असं, आणि उठून जायला दोन वाटा. एकच तोंड असलेला कोपरा कितीही सुंदर केला तरी संध्याकाळनंतर तो बायकांचा राहत नाही.

कट्ट्याच्या मापांवर जरा रेंगाळू या, कारण सगळ्यात जास्त वापर त्याचाच होतो आणि सगळ्यात कमी विचार त्याचाच. सरकारी बाक पंधरा-सोळा इंच खोल असतो, पाय सोडून बसण्यासाठी. आपली माणसं दहा मिनिटांत मांडी घालतात. त्यासाठी तीस ते छत्तीस इंच खोली लागते. उंची दीड फूट. पण एक बाजू वीस इंचांची ठेवावी, गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांना खालून उठता येत नाही. शेजारी हात धरायला पाईप. पुढच्या कडेला दगड दीड-दोन इंच बाहेर काढला की टाचेला जागा मिळते आणि उठताना जोर लावता येतो. वरच्या दगडाला पाव इंच प्रति फूट उतार, नाहीतर पावसाचं पाणी साचून ‘ओलं आहे’ म्हणून कुणी बसत नाही. स्टीलचा बाक आपल्या भागात निरुपयोगीच म्हणायचा. बेचाळीस डिग्रीला त्यावर हात ठेवून बघावा. काळा दगडही तापतो आणि रात्री उशिरापर्यंत निवत नाही, म्हणून कट्टा पाराच्या पूर्वेला, जिथं चारच्या उन्हाची तिरीप येत नाही. आणि खराटा लक्षात ठेवा: बाकाला चार पाय असले की त्यांच्या आतला कचरा तसाच राहतो. कट्टा जमिनीपर्यंत भरीव तरी हवा, नाहीतर खाली फूटभर मोकळा. सुशोभीकरणातली पांढरी खडी खराट्यानं झाडता येत नाही, गुटख्याच्या पुड्या तिच्यात मुरतात आणि आठवड्यात ती कचराकुंडी होते.

जमीन पांढरीची असो की खाली काळी लागो, फरशी नुसत्या मातीवर टाकायची नाही. काळी उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वरच्या फरशीला उचलते. फूटभर खोदून सहा-सहा इंचांच्या दोन थरांत मुरूम, प्रत्येक थराला पाणी आणि दबाई. त्यावर चार इंच गिट्टी, एक इंच कच (दगडाची बारीक चुरी), मग साठ मिलिमीटरचा ब्लॉक किंवा शहाबादी. ब्लॉकला चारी बाजूंनी काँक्रीटची किनार नसेल तर कडेचे ब्लॉक आधी सुटतात आणि मग आतले त्यांच्या मागोमाग. बिल तपासताना ही किनार आणि खालचा मुरूम या दोनच गोष्टी डोळ्यांनी बघाव्यात. काम झाकल्यावर त्या दिसत नाहीत, म्हणूनच त्या गायब होतात. उतार ऐंशीला एक, म्हणजे चाळीस फुटांत सहा इंच. लेव्हलच्या नळीत पाणी भरून कुणीही तो तपासू शकतं. पाणी उतरणार कुठं, ते आधी ठरवायचं. शेजारच्या मातीच्या भिंतीच्या पायाशी ते गेलं तर तुमच्या चौकानं एक घर पाडलं असं होईल.

झाडाच्या बुंध्याला काँक्रीट भिडवू नये, हे सांगूनही होत नाही. बुंध्याभोवती चारी बाजूंनी किमान तीन फूट माती उघडी ठेवायची आणि पारावर नवी भर घालून बुंधा गाडायचा नाही. मातीखाली गेलेली साल कुजते आणि झाड चार-पाच वर्षांनी वाळतं, तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही. शहरात फांदी तोडायची तरी 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं नगरपरिषदेची परवानगी लागते. नवी झाडं किती लावायची हे पाण्यावरून काढावं. एका रोपाला चौथ्या दिवशी वीस लिटर धरलं तर सहा झाडांना महिन्याला नऊशे लिटर, फेब्रुवारी ते मे मिळून छत्तीसशे. पंधरा लिटरचा हंडा धरला तर दोनशे चाळीस हंडे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात दोनशे चाळीस हंडे ‘समिती देईल’ असं लिहून चालत नाही. प्रत्येक झाडाला एक घर नेमून द्यायचं, आणि जितकी घरं हो म्हणतील तितकीच झाडं. बुंध्याशेजारी आठ-दहा लिटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरून, तळाला भोक पाडून सुताची वात ओवली तर निम्म्या पाण्यात भागतं. लावायचं ते लिंब, करंज, पिंपळ, चिंच. उंची पाच-सहा फुटांची रोपं, कारण शेळीचं तोंड चार फुटांपर्यंत सहज पोचतं. लिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा झाडणाऱ्या बाईला त्या दोन महिन्यांचे पैसे वाढवून द्यायचे, हेही आधीच लिहून ठेवावं.

एक बारीक गोष्ट, जी कुठल्याच अंदाजपत्रकात नसते: मांडवाची भोकं. गणपती, जयंती, मोहरमची सवारी, लग्न, हळद. वर्षात किमान दहा वेळा इथं मांडव पडणार, आणि प्रत्येक वेळी पहारीनं फरशी फोडली जाणार. म्हणून फरशी टाकतानाच चार इंची पाईपचे दोन फूट लांब तुकडे उभे गाडून ठेवायचे. खालचं तोंड गिट्टीवर उघडं, म्हणजे आत पाणी साचत नाही. भोवती काँक्रीट, वरचं तोंड फरशीच्या पातळीला, त्यावर झाकण. झाकण साखळीनं आतल्या बाजूला अडकवलेलं, नाहीतर ते पहिल्याच महिन्यात भंगारात जातं. दोन भोकांमधलं अंतर गावातल्या मांडववाल्याला विचारून ठरवायचं, त्याच्याकडचं कापड ज्या मापाचं असेल त्याप्रमाणं. त्याला एकदा बोलावून चहा पाजला की तो पुढं स्वतःच पोरांना दटावतो, की भोकं आहेत, फोडू नका.

आता रोजचं. साठ घरांनी महिन्याला पन्नास दिले तर तीन हजार होतात. कागदावर. प्रत्यक्षात चाळीस घरं देतात, म्हणून हिशेब दोन हजारांचाच करावा. त्यातले निम्म्याहून जास्त झाडणाऱ्या बाईचे, आणि ते आधी. रोजचा पाऊण तास, हजेरी नाही, पण सणाची सुटी भरपगारी. घंटागाडी किती वाजता येते ते पक्कं झाल्याशिवाय उकिरडा उचलू नये. आज उचलला आणि गाडी आली नाही तर परवा तो परत तिथंच, कारण घरातला कचरा कुठंतरी जाणारच. उरलेल्या पैशांत दिवा, नळाची तोटी, उन्हाळ्यातले दोन रांजण. रांजण रोज रिकामा करून आतून घासला तरच पाणपोई, नाहीतर डासांची सोय. जमाखर्च महिन्याच्या एक तारखेला फळ्यावर खडूनं लिहायचा. वही कुणी मागत नाही, फळा सगळे वाचतात. पैसे जास्त व्हायला लागले तर किमान सात जणांची संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवता येते. पण पहिल्याच वर्षी नोंदणीच्या मागं लागू नये. अध्यक्ष कोण यावर चार महिने जातात आणि चौक तसाच राहतो.

दिव्याचं मीटर नगरपरिषदेच्या नावावर, पथदिव्याच्या जोडणीतून. सोलरचा आग्रह आला तर विचारावं की दोन-तीन वर्षांनी बॅटरी कुणाच्या पैशानं. पंधरा-सोळा फुटांवर तीस वॅटचे दोन पिवळसर एलईडी पुरतात, एकमेकांच्या समोर, म्हणजे माणसाचा चेहरा ओळखू येतो. एकच झगझगीत फोकस लावला की त्याच्या पलीकडं काळोख दाट होतो आणि बाटल्या नेमक्या तिथंच सापडतात. रात्री पिणाऱ्यांसाठी जाळी आणि गेट मागितलं जातं. गेट लागलं की आधी बायका आणि म्हातारे बाहेर राहतात. पिणारा जाळीवरून उडी मारतो. त्यापेक्षा नऊ ते अकरा या वेळेत तिथं कुणाचं तरी काम असावं: चहाचा गाडा, कॅरम, भजनाचा सराव. लाऊडस्पीकर रात्री दहानंतर नाही, हा नियम 2000 पासून देशभर आहे. पण तो आपल्या मंडळाला सांगायचा तर मंडळातल्याच दोन पोरांना समितीत घ्यावं लागतं.

रातोरात उभा राहणारा ओटा, झेंडा किंवा कमान, हा सगळ्यांत अवघड विषय. एकदा उभं राहिलं की कुणी हात लावत नाही. म्हणून फक्कीच्या आठवड्यातच सगळ्या आळींच्या, सगळ्या समाजांच्या लोकांना बसवून एक कागद करायचा, की कुठला सण कुठल्या बाजूला, किती दिवस, आणि कायमचं काहीच नाही. त्याची प्रत ठाण्यात आणि नगरपरिषदेत देऊन पोच घ्यायची. नामफलकाला जागा द्यावी, भांडू नये. भिंतीच्या आतल्या बाजूला, दोन बाय तीन फूट, सगळ्यांच्या नावांना एकच मापाचं अक्षर. ज्यांची नावं असतात ते दिवा गेला की फोन उचलतात.

साहित्याच्या खोलीची किल्ली फिरती ठेवावी, तीन महिन्यांनी घर बदलायचं. किल्लीबरोबर वस्तूंची यादी हातात द्यायची: खराटे दोन, घमेली तीन, फावडं, पहार, लेव्हलची नळी, सुटे ब्लॉक पन्नास, शहाबादीचे चार दगड, मांडवाच्या भोकांची दोन झाकणं. सुटे ब्लॉक पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवलेले असले पाहिजेत, तीन वर्षांनी त्या साच्याचा ब्लॉक बाजारात मिळत नाही. किल्ली घेणाऱ्या घरानं यादीवर टिक करून सही करायची, आणि जे कमी असेल त्याची रक्कम त्याच दिवशी फळ्यावर, कुणाचं नाव न लिहिता.